मी काढून ठेवलेलं पहिलं प्रकरण

अन्वी, मिहीर,

मागच्या रविवारी फोनवर मिहीरने विचारलं, "मामाआजोबा चोर पकडायचे ना?" मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं नाही. चोर त्यांनी पकडले हे खरंच आहे. पण पोलिसातून निवृत्त झाल्यावरची सहा वर्षं त्यांनी ज्या कामाला दिली, ते तुम्हाला कोणी सांगितलेलंच नाही. त्या कामाचं पुस्तक येत्या सोमवारी छापायला जाईल. त्याआधी एक गोष्ट मला लिहून ठेवायची आहे. छापून झाल्यावर लिहिली, तर ती सारवासारव वाटेल.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि तुम्हाला पत्रंही इंग्रजीतच लिहिते. हे मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या भावाशी मी कधी इंग्रजीत भांडले नाही. आईला शेजारी बसवून वाचा. जिथे तो बोलतो तिथे तिला मोठ्याने वाचायला सांगा, तिला त्याच्यासारखं बोलता येतं. अन्वी, पुढच्या महिन्यात तू पंधरा वर्षांची होशील. आजच लिहायला बसण्याचं तेही एक कारण आहे.

इथून पुढे मी त्याच्याशीच बोलणार आहे. तुम्ही ऐका.

अशोक, तू गेलास त्याला आज तेवीस दिवस झाले. इतके दिवस मी तुझे कपडे, औषधं, बँकेची कागदपत्रं असं सगळं नीट लावत होते. मला तेच जमतं, हे तुला माहीत आहे. आवरायचं काही उरलं नाही तेव्हा टेबलाशी बसले.

निवृत्तीनंतर महिनाभरात तू माझ्याकडे कोऱ्या वह्या मागायला आला होतास. मला वाटलं, आठवणी लिहिणार असशील. मी म्हटलं, "लिही, पण बढाया नकोत." तू म्हणालास, "माह्या नाही लिहायच्या. पोरायच्या लिहायच्या हायेत."

"कोणत्या पोरांच्या?"

"ठाण्यात आणलेल्या. पळून गेलेले, चोरीत सापडलेले, हॉटेलातून सोडवून आणलेले. आता मोठे झाले असतीन. त्यायले विचारायचं, त्या दिवशी आम्ही तुमच्याशी कसे वागलो."

"आणि ते तुला खरं सांगतील?"

"मले कायले सांगतीन? तुले सांगतीन. म्हून तं आलो."

असा मला तू त्या कामात ओढलास. तुझी अडचण खरी होती. एखाद्या दारात पोलीस, मग तो निवृत्त का असेना, जाऊन उभा राहिला की शेजारपाजारचे विचारणार. ज्या गोष्टीवर त्या घराने पंधरा वर्षं पांघरूण घातलं, ती पुन्हा उघडी पडणार. म्हणून आपण एक रीत ठरवली. आधी मी जायचं, रिटायर्ड शिक्षिका म्हणून. घरात शिरल्यावर त्या माणसाला एकटं गाठून खरं काय ते सांगायचं. त्याने हो म्हटलं तरच तुला आत बोलवायचं, नाही म्हटलं तर चहा पिऊन उठायचं. तोवर तू गाडीपाशी थांबायचास. साऱ्या जिल्ह्यात तू माझा ड्रायव्हर झालास.

मोताळ्याच्या बाजारातला तो दिवस आठवतो? मी कुकर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाशी बोलत होते आणि तू गाडीला टेकून उभा होतास. मिरच्या विकणारी एक म्हातारी तुला म्हणाली, "ओ डायवर, रिकामाच उभा हायेस तं हे पोतं उचलू लाग." तू गपगुमान पोतं उचललंस. मग दुसरं. ती म्हणाली, "तुही मालकीनबाई लय कडक दिसते." तू म्हणालास, "मावशी, लहानपनापासून हातात हाये मी तिच्या." परत येताना राजूर घाटात तू ते मला तीनदा सांगितलंस आणि प्रत्येक वेळी तितकाच हसलास.

त्या कुकरवाल्याला तेराव्या वर्षी मोटारीची वायर चोरली म्हणून ठाण्यात आणलं होतं. तुला पाहिल्यावर तो उठून उभा राहिला. मग तो म्हणाला, "मारलं नाही सायेब कोनी. खोटं कायले बोलू? फक्त मले बाहेर वरांड्यात बसवलं होतं. त्या दिवशी बाजार होता. आख्खं गाव समोरून गेलं." गाडीत बसल्यावर म्हणालास, "वरांड्यात हवा लागते म्हून बसवत होतो आम्ही पोरायले. आत गरम होये." रात्री वहीत तू लिहिलंस, मुलाला कुठे बसवलं हे लिहायला कागदावर रकानाच नसतो.

माझं तुझ्याशी पहिलं भांडण रकान्यांवरूनच झालं. मला तक्ता हवा होता. वय, कारण, किती तास बसवलं, पाणी दिलं का, घरचं कोण बोलावलं. तुला तक्ता नको होता, आणि समोरचा बोलत असताना तू पेनही काढायचा नाहीस. मी म्हणायची, "अरे, हे संशोधन आहे म्हणतोस ना? मग पद्धत नको?" तू म्हणायचास, "पंचनामे लय केले, ताई. माणूस बोलून राह्यला अन् आपन खाली मान घालून लिहून राह्यलो. तेच तं चुकलं." शेवटी असं ठरलं की तू फक्त ऐकायचं आणि गाडीत बसल्यावर दोघांनी आठवून लिहायचं. आपल्या दोघांची आठवण जिथे जुळायची नाही तिथे आपण 'दोन प्रकारे आठवतं' असं लिहायचो. पस्तीस वर्षं मी वर्गात मुलांचं बोलणं मध्येच तोडून सुधारत आले. कोणाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायला मी सत्तरीत शिकले, तेही धाकट्या भावाकडून. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

आता एका मुलीकडे येते. तिचं नाव, तिचं गाव मी इथे लिहीत नाही, घरच्या मुलांसाठीसुद्धा नाही. तू वहीत तिला 'शेगावची' म्हणायचास, मीही तेच म्हणते.

वीसेक वर्षांपूर्वी तू शेगावला बंदोबस्तावर होतास. गर्दी ओसरल्यावर स्टेशनच्या बाकावर तुला एक एकटी मुलगी दिसली. घाटाखालच्या एका गावची, पंधरा वर्षांची. आदल्या दिवसापासून घरचे तिला शोधत होते. तू तिला पाणी दिलंस, बिस्किटं दिलीस, एका महिला शिपायाला सोबत घेऊन तिला ठाण्यावर नेलंस आणि संध्याकाळच्या आत बापाच्या हवाली केलंस. एका वार्ताहराने फोटो काढला. तुम्ही पाच जण ओळीत उभे, पुढे खुर्चीवर ती, ओढणीने तोंड झाकलेली. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. बेपत्ता मुलगी चोवीस तासांत सुखरूप.

ते कात्रण मी कापलं. बाजारातून लॅमिनेट करून आणलं आणि तुझ्या बैठकीत मीच लावलं. आपल्या घरातला, आपल्या वस्तीतला पहिला अधिकारी तू. आईने लोकांच्या शेतात निंदण-खुरपण करून आपल्याला शिकवलं होतं. तिने त्या फोटोवरून दोनदा हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, तर मी वाचून दाखवलं.

म्हणून निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी तूच म्हणालास, "शेगावचीले भेटू. एक तं चांगलं लिहायले पाह्यजे. नाहीतर लोक म्हनतीन, साहेबाले आपल्याच खात्यात खोटच दिसते." शोध घेतला तेव्हा कळलं की ती लग्न होऊन बीबी गावाच्या पुढे, थोडं आत एका गावात राहते. आपण गेलो. मी आत गेले, तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "बोलवा सायेबाले."

तू खुर्चीत बसलास आणि काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल अशा चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलंस. तो चेहरा मी विसरलेले नाही. तिने तुला आधी पाणी दिलं.

"तुमीबी मले पाणी देल्लं होतं सायेब. अन् बिस्कुटं."

"आठवते तुले?"

"आठवते तं. तुमी चांगले होते. बाकीचे वरडून राह्यले होते, तुमी नाही वरडले. म्हूनच तं मले वाटलं, तुमी इचारसान."

"काय विचारीन?"

"घरून काऊन निंगाली म्हून." ती अगदी शांतपणे बोलत होती. "तुमी एकच इचारलं. पोरगा कोन हाय. दोनदा इचारलं, तीनदा इचारलं. पोरगा नव्हताच सायेब. माही मावशी होती भुसावळले, तिच्याकडं चालली होती. घरी माहं लगन ठरवून राह्यले होते. दहावीचा पेपरबी देऊ देनार नव्हते."

तीच पुढे म्हणाली, "मंग पेपरात फोटो आला. तोंड झाकलं होतं माहं. पन ओढणी मावशीनं देल्ली होती, तशी गावात एकच होती. सगळ्यायनं वळखली. मंग बाप थांबलाच नाही. महिन्याच्या आत लगन लावून देल्लं."

पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न थांबवणं तुझ्या अधिकारात होतं, अशोक. कायदा होता, गणवेश तुझ्या अंगावर होता, मुलगी समोर बसलेली होती. ती कशातून सुटून आली हे न विचारता तू तिला त्यातच परत नेऊन सोडलंस, आणि मी त्याचा फोटो भिंतीवर लावला.

लोणार मागे पडेपर्यंत तू गाडी चालवत होतास. मग बाजूला घेऊन थांबवलीस आणि म्हणालास, "ताई, आज तू लिही. माह्यानं नाही होत."

त्यानंतर तुझं काम बदललं. आधी तू इतरांच्या चुका शोधत होतास, पुढे रीतच शोधायला लागलास. मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा? 'कोणाबरोबर आलास' की 'घरून का निघालास'? घरचं कोण बोलवायचं, बापच का? फोटो कोणासाठी काढायचा? चार वर्षांत अकरा वह्या भरल्या. मी त्या वाचल्या, नीट मांडल्या, त्याची प्रकरणं पाडली. आणि गेल्या दिवाळीनंतर तू एक नवीन प्रकरण लिहून आणलंस, स्वतःच्या हाताने, नाव आणि हुद्द्यासकट. म्हणालास, "हे पह्यलं."

मी वाचलं आणि म्हटलं, "हे नको."

"काऊन?"

"कारण बाकीची प्रकरणं मग कोणी वाचणार नाही. म्हणतील, स्वतःच चुकला, आता दुसऱ्यांना शिकवतो."

"खरंच हाये ते."

"अशोक, आपल्या माणसाची चूक लोक वेगळ्या मापाने मोजतात. तुला नोकरीत पदोपदी ते दिसलं आहे. तू पहिला होतास. आपल्या हाताने त्यांना हे द्यायचं?"

तू चष्मा काढून पुसत बसलास. मग म्हणालास, "तीबी तं पह्यलीच होती ना ताई. तिच्या घरात दहावीपर्यंत गेलेली पह्यली पोरगी."

यावर मी चिडले. म्हटलं, आईचा तरी विचार कर. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. तू उठलास आणि दारातून म्हणालास, "पाय तू. तपासून दे. घाई नाही."

जे केलं ते आता लिहिते. मी ते प्रकरण तपासलं नाही. फाईलमधून काढलं आणि माझ्या कपाटात ठेवलं. दुसऱ्या प्रकरणाला पहिला क्रमांक दिला, तिसऱ्याला दुसरा, असं शेवटपर्यंत केलं, आणि पुस्तक तसंच टाइप करायला दिलं. ठरवलं होतं की छापून आल्यावर तुला सांगेन. तू रागावशील, आठ दिवस येणार नाहीस, मग येशील. आपलं नेहमी तसंच व्हायचं. तू फोन करायचास, "पह्यलं झालं का वं?" आणि मी म्हणायची, "पाहते आहे." शेवटचा फोनही असाच झाला. तू हसून म्हणालास, "पाय, पाय, सावकाश पाय." त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी तू दार उघडलं नाहीस.

तू गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला पुष्कळ लोक आले. बुद्धवंदना झाली, लोक तुझ्याविषयी बोलले. जेवणं चालू असताना साध्या पंजाबी ड्रेसमधली एक तरुण मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. ती फौजदार होती. नाव सांगून म्हणाली, "बाई, सरांनी मला पहिलं प्रकरण वाचायला दिलं होतं. हाताने लिहिलेलं, झेरॉक्स."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.

"ते वाचल्यापासून माझ्या ठाण्यात सापडलेल्या मुलांचा फोटो मी काढू देत नाही, आणि घरून का निघालात हे आधी विचारते," ती म्हणाली. "वार्ताहर नाराज होतात. कधी कधी साहेबही होतात. बाकीची प्रकरणं सरांनी सांगितली होती, सगळी पटली होती. पण ती ऐकून मी माझी रीत बदलली नव्हती. हे वाचल्यावर बदलली, कारण त्यात सर स्वतः आहेत." मग तिने विचारलं, "पुस्तकात ते पहिलंच आहे ना?"

मी तिला म्हटलं, "आहे." त्या क्षणी ते नव्हतं.

मग एक गोष्ट राहिली होती, ती तू असतास तर आधी केली असतीस. त्या बाईंची, आपल्या 'शेगावची'ची, परवानगी. मी एकटीच एसटीने गेले. बीबीला उतरून पुढे रिक्षा केली. तिला तू गेल्याचं कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. ती चुलीजवळून उठून आली, पदराने हात पुसले आणि माझ्याशेजारी खाली बसली. मग मी माझं काम सांगितलं. तुमच्याविषयी लिहिलेलं छापू का, नाव-गाव काही नसेल.

ती म्हणाली, "सायेबानं इचारलं होतं मले. दोन खेपा आले होते. दुसऱ्या खेपेले सगळं वाचून दाखोलं. म्या एक जागा बदलाले सांगतली, तं त्यायनं लगेच बदलली."

हे तू मला सांगितलं नव्हतंस. कशाला सांगशील, मी ऐकायला तयार कुठे होते?

"मंग म्या इचारलं, कवा छापसान? तं म्हने, माही बहीण तपासून राह्यली. वेळ लागते तिले, पन ती लय बारीक पाह्यते. तिच्या हातून गेलं म्हंजे पक्कं झालं."

अशोक, तू मला रागाने काही बोलला असतास तर मला ते सोसलं असतं. तू माझी वाट पाहत होतास. मी ते प्रकरण तपासते आहे, यावर तुझा पूर्ण विश्वास होता, आणि ते कागद माझ्या कपाटात रुमालांच्या खाली होते. ही गोष्ट मी त्या बाईंना सांगितली. दुसऱ्या कोणाला सांगण्याआधी तिला सांगायला हवी असं मला वाटलं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असंही म्हणाली नाही आणि दोषही दिला नाही. फक्त म्हणाली, "आता लावा मंग."

निघताना शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी आत आली, दप्तर ठेवलं आणि आईला म्हणाली, "शेजारच्या वनपाल काकूकडं जाऊ का अभ्यासाले?" आई म्हणाली, "जाय. पन सांगून जात जाय, तशीच निंगत जाऊ नको." मुलगी म्हणाली, "सांगून तं राह्यली मी." आणि गेली. बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "नववीत हाय. इचारते मी तिले. रोज इचारते, काय चाल्लं म्हून. कटाळते ती."

आल्यावर मी ते प्रकरण काढलं आणि खरोखर तपासलं. बारीक तपासलं. दोन ठिकाणी तू स्वतःला नको तितकं कठोर बोलला होतास, तिथे मी पेन्सिल टेकवली, आणि मग उचलून घेतली. ते तसंच राहू दिलं. मी फक्त एक परिच्छेद वाढवला आणि खाली माझं नाव घातलं. त्या दिवशीच्या पेपरातलं कात्रण भिंतीवर कोणी लावलं, ते त्यात आहे.

तुझ्याशी आणखी एका गोष्टीवर भांडायचं राहिलं. तू म्हणायचास, पोलिसाने चांगलं वागणं पुरेसं नाही, विचारलं पाहिजे. मी म्हणायची, आधी चांगलं तर वागू देत, ठाण्यात तेवढंच झालं तरी पुष्कळ. मला अजूनही माझं म्हणणं पूर्ण चुकीचं वाटत नाही. तू असतास तर यावर तीन संध्याकाळी गेल्या असत्या. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते आणि तुझी बाजू मला नीट मांडता येत नाही.

अन्वी, मिहीर, सांगायचं होतं ते एवढंच. पुस्तक सोमवारी जाईल. पहिलं प्रकरण पहिल्या जागी आहे. त्यात तुमच्या मामाआजोबांचं नाव आणि हुद्दा आहे, त्या बाईंचं नाव, गाव आणि ओढणीचा रंग नाही. अकरा वह्या माझ्याकडे आहेत, क्रमाने लावलेल्या. जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सापडलेल्या मुलांचा फोटो काढत नाहीत आणि त्यांना आधी विचारतात की तू घरून का निघालीस.